जावईबापूंचा हयातभर मुक्काम

बुआलायच्या चितेची राख पुरती निवायच्या आधीच तिच्या जमिनीचं काय करायचं यावर गावाचं एकमत झालं. एरवी उत्तर थायलंडातल्या दोई साकेतजवळच्या या गावात देवळाच्या भोंग्याचं तोंड कुणीकडे असावं यावर दोन-दोन पावसाळे वाद चालतो. पण दुसऱ्याच्या जमिनीचा प्रश्न आला की माणसं कशी समंजस होतात. देवळाच्या मंडपात रश्श्याची पातेली विसळता विसळता बायकांनी ठरवून टाकलं की अर्धी जमीन कायद्यानं प्रयोंगची, उरलेली अर्धी त्या गोऱ्याला वर्षाच्या आत विकावीच लागणार, आणि विकणार कुणाला? प्रयोंगलाच. तेही मातीमोल भावानं. "नशीब काढलंस हो," असं एकीनं प्रयोंगला म्हटलंसुद्धा. गालावरचं दुःखाचं पाणी पुसून झाल्यावरच म्हटलं, एवढी रीत तिनं पाळली.

प्रयोंग ही बुआलायची थोरली बहीण. वय चौसष्ट, नवरा केव्हाच गेलेला. सकाळच्या बाजारात ती डुकराच्या मांसाचे मसाल्याचे सॉसेज निखाऱ्यावर भाजून विकायची. इतकी वर्षं धुरात बसून तिचे डोळे कायमचे बारीक झाले होते, त्यामुळे तिनं कुणाकडेही बघितलं तरी ती संशयानं बघतेय असं वाटे. बहुतेक वेळा ती संशयानंच बघत असे.

तो गोरा म्हणजे बुआलायचा नवरा प्रेबेन. डेन्मार्कच्या कुठल्याशा बंदरात त्यानं जन्मभर क्रेन चालवली आणि पेन्शन घेऊन इथे आला. घरचा धाकटा जावई म्हणून प्रयोंग त्याला तोंडावर 'जावईबापू' म्हणायची आणि पाठीमागे 'फ्रीज'. कारण विचारलं तर सांगायची, मोठा आहे, पांढरा आहे, कोपऱ्यात उभा राहून स्वतःशीच गुणगुणतो आणि हलवायचा म्हटला तर चार माणसं लागतात. थाई भाषा तो बुआलायकडून शिकला, म्हणजे स्वयंपाकघरात शिकला. त्यामुळे दारातून वाकून आत येणारा हा धिप्पाड माणूस थेट गावच्या बायकांसारखा बोलायचा. 'मी आले', 'मी जेवले', 'आता मी निघते हं'. त्याला कुणी कधी सुधारलं नाही. बुआलायला ते गोड वाटायचं आणि बाकीच्यांना ती फुकटची करमणूक होती.

जमीन घेतली ती लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. गावाच्या कडेचा दोन राईंचा, म्हणजे पाऊण एकराचा तुकडा, लिचीसारखी फळं देणारी लोंगनची झाडं, मागे डोंगर. परदेशी माणसाबद्दल या देशाचा कायदा मोठा उदार आहे. घर त्याच्या नावावर होऊ शकतं. भिंती त्याच्या, छप्पर त्याचं, छपरावरची कबुतरंसुद्धा हवं तर त्याचीच म्हणा. फक्त हे सगळं ज्या मातीवर उभं आहे ती त्याची नाही. म्हणून जमीन बुआलायच्या नावावर झाली आणि भूमी कार्यालयात प्रेबेनकडून लिहून घेतलं गेलं की या खरेदीतला सगळा पैसा बायकोचा आहे, माझा यात काडीचाही संबंध नाही. जन्मभर क्रेन चालवून साठवलेला पैसा बायकोचा होता हे त्याला त्या टेबलापाशी कळलं. त्यानं आनंदानं सही केली आणि पेन कुणाचं आहे ते विचारून ज्याचं त्याला परत दिलं. प्रयोंग तेव्हा साक्षीदार म्हणून हजर होती. इतका बावळट माणूस आपल्या घराण्यात आजवर आला नव्हता, असं तिनं घरी येऊन सांगितलं.

बुआलायनं मृत्युपत्र केलं नव्हतं. विषय निघाला की ती म्हणायची, मरण कागदावर लिहिलं की ते पत्ता विचारत येतं. तिनं लिहिलं नाही, तरी त्याला पत्ता सापडला. पोटाचा आजार होता. अंथरुणावर फार दिवस गेले, आणि शेवटी शेवटी ती एवढीशी झाली होती की प्रेबेन तिला एका हातावर उचलून ओसरीत आणून बसवायचा. मूलबाळ नव्हतं, आईवडील नव्हते. कायद्यानं जमिनीचा अर्धा वाटा नवऱ्याचा, अर्धा बहिणीचा. नवरा परदेशी, तेव्हा वाटा मिळणार पण ठेवता येणार नाही. वर्षभरात कुणाला तरी विकून मोकळं व्हायचं. जेवायला वाढायचं आणि पाटावरून उठायला सांगायचं, असा एकंदर मामला.

सर्वांत जास्त हुरूप आला तो कोवितला. कोवित हा प्रयोंगच्या मुलीचा, सुदाचा, नवरा. त्यानं आजवर तीन धंदे केले होते आणि तिन्ही धंदे त्याला सोडून गेले होते. आता त्याला डोंगर दिसणाऱ्या त्या जागेवर कॉफीशॉप काढायचं होतं. म्हणजे कॉफी असणारच, पण मुख्य म्हणजे फोटो काढायला मोठा झोपाळा, बदामाच्या आकाराची लोखंडी कमान आणि सिमेंटचा ससा. सशाची किंमतही तो विचारून आला होता. रोज जेवताना तो सासूला म्हणायचा, आई, तुम्ही काहीच करू नका, नुसत्या बसून राहा, वर्ष संपत आलं की फ्रीज आपोआप स्वस्त होईल. प्रयोंगला या सल्ल्यात खोट काढता येत नव्हती. काही न करणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच फायद्याचं होत होतं.

इकडे प्रेबेनच्या मदतीला त्याचे जातभाई धावून आले. शहराच्या रिंगरोडवर एक बियरबार आहे, तिथे गोऱ्या पेन्शनरांची रोज बैठक भरते. त्यांतल्या प्रत्येकाला थायलंडचा कायदा तोंडपाठ, वाचलेला मात्र कुणीच नाही. त्यांचा म्होरक्या वॉरन, ऑस्ट्रेलियाचा. वॉरननं स्वतः कंपनी काढून कंपनीच्या नावावर जमीन घेतली होती. कंपनीत निम्म्याहून जास्त वाटा थाई माणसांचा लागतो, म्हणून त्याची मोलकरीण, तिचा भाऊ आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हे तिघे मोठे भागधारक. तिघांनाही आपण उद्योगपती असल्याची कल्पना नव्हती. हे बेकायदेशीर आहे हे वॉरन मान्य करायचा. पण सगळेच करतात म्हटल्यावर बेकायदेशीर गोष्टीला एक प्रतिष्ठा येते. त्यानं आपला एक सल्लागार प्रयोंगच्या गाड्यावर धाडला. टाय लावलेल्या त्या तरुणानं तिला कंपनीची डायरेक्टर व्हायची विनंती केली. कंपनी काय विकणार, असं तिनं विचारलं. काहीच नाही, मावशी, तो म्हणाला, कंपनी फक्त जमीन बाळगणार. मग डायरेक्टरला तुरुंगात भेटायला कोण येणार, असं तिनं विचारलं आणि दोन सॉसेज जास्त बांधून त्याच्याकडून पैसे घेतले.

दुसरी युक्ती पहिलीपेक्षा वरचढ निघाली. ती घेऊन गावप्रमुख काका स्वतः आले. खाकी सदरा घालून आले, म्हणजे काम सरकारी वाटावं. पुष्कळ वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी सुचवलं की प्रयोंगनं प्रेबेनशी लग्न करावं. जमीन घरात, माणूस घरात. प्रयोंगनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग जमीन कुणाच्या नावावर राहणार. काका म्हणाले, तुझ्याच. आणि त्याला काय मिळणार? काकांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली. "म्हणजे आत्ता आहे तेच," प्रयोंग म्हणाली, "वर त्याचे एवढाले सदरे मी धुवायचे. काका, तुम्ही निवडणुकीत कसे जिंकता हो?"

बातमी बाजारात पोचली ती काकांच्या आधी. दुसऱ्या दिवशी कोळंबीवालीनं प्रयोंगला हळद देऊ केली. संध्याकाळी प्रेबेन स्वतः तिच्या दारात उभा. हातात आंब्यांची पिशवी, चपला बाहेर काढून ठेवलेल्या, त्याही ओळीत.

"अक्का," तो म्हणाला, "ते सगळे म्हणतात मी तुझ्याशी लग्न करावं. मी नाही म्हणाले."

"नाही म्हणालात?"

"हो. मी म्हणाले, मला भीती वाटते तिची."

प्रयोंगनं आंबे घेतले आणि दार लावलं. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा रागही आला. इतक्या वर्षांनी एक मागणी आली होती, तिला निदान आपण नकार द्यावा एवढी तरी सोय असावी की नाही.

दिवस असेच गेले. डोंगरावर रानं पेटली, हवेत धूर भरला, मग वारा सुटून आभाळ निवळलं. प्रेबेन काही करत नव्हता. रोज सकाळी भिक्षू भिक्षेला निघाले की तो अनवाणी दारात उभा राहायचा, भाताची मूद त्यांच्या पात्रात ठेवायचा आणि खाली बसताना गुडघे वाजवायचा. बुआलायच्या नावानं पाणी वाहताना म्हणायचा मंत्र त्याला निम्माच येई. उरलेला तो गुणगुणून काढायचा.

बुआलायच्या शंभराव्या दिवसाच्या दानधर्माची तयारी सुरू झाली, तेव्हा तिची मोठी पातेली न्यायला म्हणून प्रयोंग त्या घरी गेली. फाटकातून आत शिरली आणि तिथेच थांबली. अंगणात कोवित मोजमाप घेत होता. कॉफीशॉपचं. दानधर्म उरकेपर्यंत त्याला धीर धरवला नव्हता. हातात लांब टेप, कानावर पेन्सिल. आणि त्या टेपचं दुसरं टोक प्रेबेननं धरलं होतं. लोंगनच्या झाडाखाली ओणवा होऊन, अंगठ्यानं टेप जमिनीला दाबून, अगदी मन लावून.

"इथे झोपाळा," कोवित लांबून ओरडला.

"इथे नको," प्रेबेन म्हणाला. "खाली सांडपाण्याची टाकी आहे. झोपाळा जड. दोन हात मागे घे, मी खुंटी ठोकते."

आणि त्यानं खरंच खुंटी ठोकली.

पुढे प्रयोंग कधी या प्रसंगाबद्दल फारसं बोलली नाही. तिला त्या माणसाची दया आली असं म्हणावं तर दया हा तिचा प्रांत नव्हता. पण बुआलायच्या शेवटच्या महिन्यांत एकदा ती अशीच न कळवता आली होती, तेव्हा हाच माणूस असाच ओणवा होऊन तिच्या बहिणीच्या पायाची नखं कापत होता. तोच चेहरा, तीच मन लावायची तऱ्हा. आपल्याला घराबाहेर काढायच्या कामातही हा माणूस चोख निघावा, याचा तिला भयंकर संताप आला.

"जावईबापू, सोडा ती टेप."

प्रेबेननं टेप सोडली. ती सळसळत कोवितच्या बोटांवर जाऊन आपटली.

"तुम्हाला कळतंय का हा काय मोजतोय ते?" प्रयोंगनं विचारलं.

"कळतंय ना, अक्का. कॉफीशॉप."

"मग?"

प्रेबेननं हात पुसले. "मला जावंच लागणार आहे. टाकीवर झोपाळा बसला तर लहान मुलं आत पडतील. ते बुआलायला आवडलं नसतं."

प्रयोंगनं पातेली घेतली नाहीत. कोवितला तिनं एवढंच सांगितलं की घरी जा आणि भात लाव. कोवितला भात लावता येत नाही हे तिला माहीत होतं.

दानधर्म पार पडल्यावरच्या सोमवारी ती प्रेबेनला घेऊन भूमी कार्यालयात गेली. बियरबार नाही, टायवाला नाही, काकाही नाहीत. सरळ खिडकीवर जाऊन तिनं विचारलं की या माणसाला इथे राहू द्यायचं असेल तर कायद्यात काय सोय आहे. टेबलामागच्या बाईंना असा प्रश्न सरळ विचारला गेल्याची सवय नसावी. त्यांनी आधी दोघांकडे नीट बघून घेतलं. मग सांगितलं की सोयी आहेत. एक, तीस वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा, नोंदवून. दुसरी, उपभोगाचा हक्क. जमीन एकाची, पण राहायचं, वापरायचं आणि तिचं फळ खायचं दुसऱ्यानं, तेही हयातभर. सातबाऱ्यासारखा इथेही जमिनीचा दाखला असतो, त्याच्या पाठीमागे या हक्काची नोंद होते. दोन्ही गोष्टी कायदेशीर, दोन्हींची नोंद याच इमारतीत. इतकी वर्षं गोऱ्यांची अख्खी फौज कंपन्या आणि लग्नं लावत हिंडत होती, आणि उत्तर पहिल्या मजल्यावर पंख्याखाली बसलं होतं.

बाईंनी प्रयोंगला बाजूला घेऊन समजही दिली. गोऱ्यानं आपला अर्धा वाटा तुमच्या नावावर केला की सगळी जमीन तुमची. पण हा हक्क एकदा नोंदवलात की तो जिवंत असेपर्यंत त्याला काढता येणार नाही. जमीन विकलीत तरी तो जमिनीसोबत जाणार. तुम्ही गेलात तर तुमच्या मुलीलाही तो पाळावा लागणार. नीट विचार करा, मावशी.

"लोंगन?" प्रयोंगनं विचारलं.

"फळं त्याची. त्यालाच उपभोग म्हणतात."

हे मात्र तिला झेपेना. ज्या झाडांना आपण लहानपणापासून दगड मारले, त्यांची फळं याची? तिनं बाईंशी बराच वेळ घासाघीस केली, जणू कायदा किलोवर मिळतो. शेवटी प्रेबेननं विचारलं की तो फळं खाऊ शकतो, तर ती कुणाला देऊही शकतो ना. बाई म्हणाल्या, खुशाल. मग मी अक्काला देईन, तो म्हणाला. प्रयोंग म्हणाली की तिला कुणाचं दान नको. सही करायच्या वेळी तिनं पेन एकदा खाली ठेवलं. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून, असं तिचं म्हणणं होतं. पडदे ओढलेले होते.

घरी सुदा वाटच बघत होती. बातमी गावातून आधीच घरी पोचली होती आणि कोवितनं पुन्हा भात करपवला होता. सुदा रडली, मग भांडली. आईला परक्याचं सुख दिसतं, पोटच्या पोरीचं दिसत नाही, सगळं गाव हसतंय, ती म्हणाली.

"आई, तो मरेपर्यंत आम्ही काय करायचं?"

"वाट बघायची," प्रयोंग म्हणाली. "माझ्या मरणाची बघताच आहात. त्यात अजून एकाची. सवय आहे तुम्हाला."

सुदा महिनाभर आईशी बोलली नाही. त्या महिन्यात प्रयोंगला आपल्या घरात किती शांतता असू शकते याचा शोध लागला, आणि तो तिला मुळीच आवडला नाही. पण नोंद झाली होती. दाखल्याच्या पाठीवर प्रेबेनचं नाव उमटलं होतं, सरकारी शिक्क्यासकट, आणि ते लिहिताना कारकुनानं दोनदा चुकवलं होतं.

कोवितचं कॉफीशॉप अखेर झालं. प्रयोंगच्या घरासमोर, रस्त्याकडेला. डोंगर दिसत नव्हता, समोर टायरचं दुकान दिसत होतं. झोपाळा प्रेबेननं बांधून दिला, इतका भक्कम की त्यावर ट्रॅक्टर बसला असता. दुसऱ्या वर्षी त्या रस्त्यावर आणखी पाच कॉफीशॉप निघाली, सगळ्यांकडे ससे होते, आणि कोवितचा चौथा धंदाही त्याला सोडून गेला. झोपाळा अजून आहे. वॉरनच्या कंपनीची सरकारकडून चौकशी झाली. चौकशीला आलेल्या पंक्चरवाल्यानं साहेबांना प्रामाणिकपणे सांगितलं की आपण उद्योगपती आहोत हे आपल्याला आजच कळतंय. वॉरन जमीन विकून भाड्याच्या खोलीत गेला. बैठकीत मात्र तो कायद्यावर पूर्वीच्याच अधिकारानं बोलतो.

मग प्रयोंगचे गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टरच नको म्हणाले. तिचं घर जुन्या पद्धतीचं, लाकडी खांबांवर उभारलेलं, वर जायला जिना. तो जिना तिला चढता येईना. सुदा तिला उचलू बघायची आणि दोघी मध्यावर बसून भांडायच्या. शेवटी सुदाच एके दिवशी प्रेबेनकडे गेली. त्याचं घर जमिनीलगत होतं, आणि बुआलायच्या आजारपणात त्यानं ओसरीपासून अंगणापर्यंत चाकाची खुर्ची जाईल असा सिमेंटचा उतार करून घेतला होता. मागची खोली रिकामी होती.

अशा रीतीनं त्या जमिनीच्या मालकिणीला आपल्याच जमिनीवर राहायला एका परदेशी माणसाची परवानगी घ्यावी लागली. त्यानं ती दिली. गाव म्हणालं, बघा, काकांनी सुचवलं तेच झालं, नुसता लग्नाचा खर्च वाचला. काका आजकाल हे श्रेय घेतात.

ती राहायला आली त्या पहिल्या सकाळी प्रेबेननं तिची खुर्ची ओसरीत आणून ठेवली आणि चिकट भाताची टोपली समोर ठेवली. भात कच्चा होता. तिनं तसं सांगितलं. खुर्चीची जागा चुकीची आहे हेही सांगितलं, आणि भिक्षूंपुढे गुडघे इतके वाजवणं बरं दिसत नाही हेही. प्रेबेन ऐकत होता. त्याला ही सवय होती आणि मधली काही वर्षं त्याची ती सवय मोडली होती.

"अक्का," तो म्हणाला, "बुआलाय लहानपणी कशी होती गं? तिला विचारलं की ती नुसती हसायची."

प्रयोंगनं डोळे आणखी बारीक केले. इथे धूर नव्हता. ती म्हणाली, "चोर होती. देवळातली केळी चोरायची. पकडली गेली की माझं नाव सांगायची. छड्या मी खाल्ल्या आहेत तिच्या वाटच्या."

"आणि तू काय करायचीस?"

"काय करणार. केळ्यांतली अर्धी मागून घ्यायचे."

प्रेबेन हसायला लागला. त्याचं हसणं मोठं होतं आणि थांबायला वेळ लागे. प्रयोंगनं त्याला थांबवलं नाही. कच्च्या भाताची मूद करत तिनं पुढची गोष्ट सुरू केली, बुआलायनं हेडमास्तरांच्या छत्रीत बेडूक कसा सोडला त्याची.